चंद्री पैजेला लागली तो रविवार

आपल्या संघाचा गडी आउट व्हावा म्हणून मी आयुष्यात एकदाच देवाला हात जोडलेत. एकदाच, पण अगदी मनापासून. आज पन्नाशी ओलांडली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी ती दुपार आठवली की घरात एकटी असले तरी मी इकडंतिकडं बघून घेते, कुणी ऐकलं तर नाही ना! कारण मी कोण? स्वतःच्या डोहाळजेवणात ओटी भरायला बायका ताटकळत उभ्या असताना स्वयंपाकघरात कानाला ट्रान्झिस्टर लावून बसलेली बाई मी. तिच्या मनात असलं पाप यावं म्हणजे कमालच की नाही! पण आलं. मॅच कुठली, साल कुठलं, फलंदाज कोण, ते मात्र विचारू नका. सांगितलं की तुम्ही मोबाईलवर शोधायला बसणार आणि माझ्या चुका काढणार. माझ्या विद्यार्थ्यांनी तो उद्योग भरपूर केलाय, आता वाचकांनी नको.

मामाकडं मी आले ती अकरावीला. आमचं गाव कऱ्हाटी. घरी शेती, भावंडं चार, आणि पोरीला पुढं शिकवायचं की नाही यावर रोज संध्याकाळी वडिलांचं आणि आजोबांचं वाजायचं. शेवटी एक दिवस मामा एसटीनं आला, चहा प्याला आणि म्हणाला, “तुमचं भांडाण चालू द्या, तवर पोरीला म्या नेतो.” आणि नेलंच. मामा भवानीनगरला साखर कारखान्यात फिटर होता. कालव्याच्या कडेला त्याचं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, मागं गोठा, गोठ्यामागं घासाचे दोन वाफे. हंगाम सुरू झाला की तिन्ही पाळ्यांचा भोंगा, उसाच्या गाड्यांच्या बैलांच्या घुंगुरमाळा, मळीचा आंबूस वास, आणि चिमणीतून तरंगत येणारी काजळी. सकाळी दोरीवर टाकलेलं पांढरं पातळ संध्याकाळी ठिपक्याठिपक्यांचं होऊन खाली यायचं. मामी म्हणायची, “आमाला छापील लुगडी इकत घ्यायला लागत न्हाईत, फुकाट छापून मिळत्यात.” पहिले आठ दिवस मला त्या वासानं जेवण गेलं नाही. नंतर मात्र कऱ्हाटीला सुट्टीला गेले की तिथली हवाच मला बेचव वाटायची.

मामा उंच, काटकुळा, हातात कायम पाना आणि तोंडात कायम पैज. एसटी वेळेवर येईल की नाही, समोरून येणाऱ्या बैलगाडीतला डावा बैल आधी शेपूट हलवील की उजवा, कशावरही पैज. पैशाची नव्हे हं! पैसे लावणाऱ्याला तो जुगारी म्हणायचा आणि स्वतःला शौकीन. मग लागायचं काय, तर किलोभर जिलेबी, नारळ, कुणाच्या तरी घराचं पत्रं ठोकून देणं, नाहीतर मिशी. एकदा तो अर्धी मिशी हरला आणि बाणेदारपणानं दोन दिवस तसाच कामावर गेला. तिसऱ्या दिवशी मामीनं आरसा आणि वस्तरा त्याच्यासमोर ठेवला आणि म्हणाली, “उरल्याली बी काढा, न्हायतर जेवण अर्धंच वाढीन.”

घरातलं बाकी सगळं मामाचं असलं तरी गोठ्यातली चंद्री मामीची होती. मामीचं माहेर वडगाव निंबाळकर. तिथून ती कालवड म्हणून आलेली, तांबडी, कपाळावर पांढरा चांद. मामीला मूल नव्हतं. त्यावर ती कधी बोलली नाही, पण चंद्रीशी बोलायची ते ऐकलं की मला कळायचं. सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध जायचं आणि त्या दुधावर माझी फी, वह्या, सायकलच्या ट्यूबा सगळं व्हायचं. मामाचा पगार घर चालवायचा आणि चंद्री मला चालवायची, असं म्हटलं तरी चालेल. चंद्री व्याली की खरवस असायचा, वेलची घातलेला, गुळाचा. आता बाजारात बारमाही खरवस मिळतो. मी एकदा आणला, एक वडी खाल्ली, आणि बाकीचा कामवाल्या बाईंना देऊन टाकला.

क्रिकेटचा नाद मला कसा लागला ते मलाच ठाऊक नाही. कऱ्हाटीला आमच्याकडं रेडिओ होता आणि मला आकड्यांची आवड होती, एवढंच कारण असावं. जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून, सुईदोऱ्यानं शिवून मी वही केली होती. मैदान कुठलं, आधी कोण खेळलं, पहिले तीन गडी किती धावांत गेले, पाठलाग करणारा जिंकला की हरला, सगळं त्यात. पोरी मेंदीची नक्षी गोळा करायच्या, मी धावफलक गोळा करायची. मामानं ती वही पाहिली आणि त्याचे डोळेच चमकले. “म्हंजे तुला आधीच कळतंय व्हय गं?” मी म्हटलं, “कळत नाही मामा, अंदाज येतो.” पण हा फरक पैज लावणाऱ्या माणसाच्या डोक्यात कधी शिरलाय? एका मॅचला मी सांगितलं तसं झालं, दुसऱ्या मॅचला झालं, आणि मामाकडं जिलेबीचे पुडे यायला लागले. लागोपाठ सात-आठ वेळा माझा अंदाज बरोबर आला. मग कारखान्याच्या वसाहतीतली मोठमोठी माणसं सायकल थांबवून मला विचारायला लागली, “काय नंदाबाई, रविवारी कोण?” खोटं कशाला बोलू, मला त्याची चटक लागली. सतरा वर्षांच्या पोरीला कुणी अहो-जाहो करून काही विचारावं, हे कऱ्हाटीत घडलं नसतं.

आमच्या घरात तेव्हा ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही होता, त्यामुळं मॅचच्या दिवशी पंधरा-वीस माणसं खोलीत. आणि मॅच बघायचे कायदे कडक! मागच्या विजयाच्या वेळी जो जिथं बसला होता त्यानं तिथंच बसायचं. मामा पत्र्याच्या पेटीवर, मी खिडकीखाली ज्वारीच्या पोत्यावर, गिरणीवाले सोपानतात्या एकुलत्या एका खुर्चीत. एकदा ऐन अटीतटीच्या वेळी मामी धपाट्याचं पीठ मळत मळत काय झालं ते बघायला चौकटीत येऊन उभी राहिली, आणि आपण जिंकलो. झालं! त्या दिवसापासून मॅच म्हटली की मामीनं चौकटीत परात घेऊन उभं राहायचं, हा नियम ठरला. तिला त्यातलं काही कळायचं नाही. चौकार कुठला नि षटकार कुठला ते ती माणसांच्या ओरडण्यावरून ओळखायची. पण नियम तिनं कधी मोडला नाही. दर मॅचला डोंगराएवढं पीठ मळलं जायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आम्ही सगळे धपाटेच खायचो. लसणाची चटणी आणि चंद्रीचं दही असलं की त्याचंही काही वाटायचं नाही.

तर त्या शनिवारी मी दळण घेऊन सोपानतात्यांच्या गिरणीत गेले. मामा तिथं आधीच गप्पा छाटत बसलेला. तात्या म्हणजे पिठात बुडवून काढलेला माणूस, भुवया पांढऱ्या, कानातले केस पांढरे. पट्टा थडथडत होता, त्यामुळं सगळं ओरडूनच बोलायचं. तात्यांनी विचारलं, “काय नंदाबाई, उद्या कोण?”

मी म्हटलं, “उद्या आपण हरणार.”

“का गं बाई?”

“त्या मैदानावर दुपारनंतर चेंडू खाली राहतो. तिथं आपण खेळलो तेव्हा बहुतेक वेळा हरलोय. आणि आपले पहिले दोघं सध्या खेळतच नाहीत.”

“घ्या! पोरगी हाय का पंचांग?” तात्या हसले, आणि मग त्यांनी तो शब्द टाकला. “चुलीवरच्या भाकरीचा अंदाज सांगावा पोरीच्या जातीनं. किरकेटचा नगं. वर आपल्याच देशाला हारवती!”

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण माझ्याआधी मामाच उठला. “तात्या, तोंड सांभाळून! माझ्या भाचीचा शब्द म्हंजे काळ्या दगडावरची रेघ.”

“मग लाव की पैज.”

“लावतो. किलोभर जिलेबी.”

“जिलेबी पोरं लावत्यात, दिनकरराव. मर्दासारखं लावा. म्या माझी फटफटी लावतो. आपण जिंकणार.”

फटफटी म्हणजे तात्यांचा जीव की प्राण. मामाकडं लावायला होतं काय? सायकल आणि पान्यांची पेटी. तात्या मिशीत हसत होते. आणि मामा म्हणाला, “म्या चंद्री लावली.”

मी “मामा!” म्हणून ओरडले, पण त्या थडथडीत ते कुणाला ऐकू जाणार? तात्यांनी हात पुढं केला, मामानं टाळी दिली, पीठ उडालं. आमच्याकडं टाळी दिली म्हणजे संपलं. कागद नाही, साक्षीदार नाही, पण टाळी दिलेला माणूस फिरला असं मी कधी ऐकलं नाही. घरी येताना दळणाचा डबा मामानं डोक्यावर घेतला आणि शीळ घालत चालला. मी म्हटलं, “मामा, गाय मामीची हाय.” तो म्हणाला, “अगं, तू हायस की! तुझं कवा चुकलंय का? सोमवारपासनं तुला फटफटीवरनं कॉलेजला सोडतो बघ. मामीला तेवढं बोलू नगंस.” तो हे सगळं माझ्या अभिमानापायी करून बसला होता, त्यामुळं त्याच्यावर धड चिडताही येईना. सारखं एकच मनात येत होतं, आपण नुसतं ‘बघू’ म्हणालो असतो तर काय बिघडलं असतं?

रविवारी दहाच्या आत खोली भरली. भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगांचं पातेलं मध्ये, टरफलं खिडकीतून बाहेर. टॉस हरलो, ते आधी खेळले आणि त्यांनी धावांचा ढीग घातला. जेवणं झाली. आपले खेळायला आले आणि पहिले तीन गडी बघता बघता माघारी. खोलीत सुतक पडलं. मामाच्या चेहऱ्यावर मात्र हसू मावत नव्हतं. ते लपवायला तो सारखा पंच्यानं तोंड पुसत होता. मीही सुटकेचा श्वास टाकला. वही बरोबर होती. चंद्री वाचली होती.

आणि मग तो आला. माझा लाडका. त्याचं एक चित्र मी मासिकातून कापून गणिताच्या पुस्तकात ठेवलं होतं, हे मामीलासुद्धा माहीत नव्हतं. पहिला अर्धा तास तो नुसता खेळून काढत होता. मग एक चेंडू त्यानं असा काही धाडला सीमेपार की खोलीतली माणसं बसल्या जागी उडाली. मग दुसरा. मग तिसरा. इतका सुंदर तो त्याआधी कधी खेळला नव्हता, आणि माझ्या मते त्यानंतरही नाही. एरवी मी आनंदानं वेडी झाले असते. त्या दिवशी प्रत्येक चौकाराला पंधरा माणसं वर जायची आणि मी पोत्यात आणखी खाली रुतायची. तेव्हाच मी डोळे मिटून हात जोडले. आउट कर रे देवा याला. आता लगेच कर. डोळे उघडले तर तो हेल्मेट काढून घाम पुसत होता आणि दमलेला, उन्हानं तापलेला त्याचा चेहरा पडदाभर दिसत होता. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

आताची पोरं मोबाईलच्या ॲपवर पैसे लावून आपापली टीम लावतात. माझा पुतण्या परवा मॅच बघत होता, तर आपल्याच माणसाची विकेट पडली आणि हा पठ्ठ्या “येस!” म्हणून ओरडला. बॉलर त्याच्या टीममध्ये होता म्हणे. घरातले त्याच्यावर चिडले. मी चिडले नाही. मी त्याला फक्त विचारलं, “मॅच बघतोयस की हिशेब?” त्याला काही कळलं नाही. त्या ॲपच्या जाहिरातींच्या शेवटी एक माणूस भराभरा काहीतरी बडबडतो ना, सवय लागू शकते वगैरे, तो जे सांगतो ते मला मामाच्या खोलीत पोत्यावर बसून कळलं होतं. सवय लागली तर लागू दे, पण बघण्यातली गोडी जाते ती पहिल्याच दिवशी.

साडेचार वाजून गेले. धावा कमी उरल्या होत्या, गडीही कमी उरले होते, आणि गोठ्यातून चंद्री हंबरली. तिची धारेची वेळ. ती पुन्हा हंबरली तशी माझ्या डोक्यात वीज चमकली. मामीनं जागा सोडली तर? एवढं गणित शिकलेली मी, पण त्या क्षणी माझा त्या चौकटीवर पक्का विश्वास बसला. मी म्हटलं, “मामी, चंद्री हंबरतीय.”

तात्या खुर्चीतून ओरडले, “वहिनी, हलू नगा! जिवात जीव हाय तवर हलू नगा!”

मामा लगेच म्हणाला, “जाऊ द्या की तिला तात्या. मुक्या जनावराची कास तटली आसंल.” एवढी भूतदया मामानं आयुष्यात कधी दाखवली नव्हती.

मामीनं परात खाली ठेवली. “गाईला काय तुमची किरकेट कळतीय व्हय,” म्हणत ती मागं गेली. मी बादली घेऊन तिच्या मागं. आम्ही गोठ्यात पोचलो नाही तोच घरातून सगळे एकदम कण्हल्याचा आवाज आला. त्याचा जोडीदार आउट झाला होता. “बघा, वहिनींनी जागा सोडली!” म्हणून कुणीतरी बोंब मारली. मामी हसत चंद्रीची कास धुवायला लागली. वासरू सोडलं, पान्हा आला, वासरू बाजूला बांधलं, आणि बादलीत पहिल्या धारा वाजल्या. ती अशी निवांत बसलेली, चंद्रीच्या पोटाला डोकं टेकवून, आणि मला ते सहन झालं नाही.

“मामी, आपण जिंकलो तर चंद्री तात्याची होणार.”

तिचे हात थांबले नाहीत. “कुणी लावली?”

“मामानं.”

“आन् तू काय सांगितलंतंस?”

“आपण हरणार म्हणून. माझ्यामुळंच झालं सगळं.” मला रडू फुटलं. “मामी, मी मघापासून देवाला सांगतीय, तो आउट होऊ दे म्हणून. तू आता जाऊच नको तिकडं. हितंच बस.”

ती धार काढत राहिली. चंद्रीला नेहमीपेक्षा जास्तच दूध होतं त्या दिवशी, की मलाच वेळ लांबल्यासारखा वाटला, ठाऊक नाही. मग मामी म्हणाली, “नंदे, ते पोरगं उन्हात उभं ऱ्हाऊन खेळतंय. कुणाचं तरी पोरगं हाय. त्येला काय ठावं, भवानीनगरात कुणाची गाय बांधल्याली हाय ती? आपल्या गाईपायी त्येनं आउट व्हायचं का?”

“पण चंद्री...”

“चंद्री तुझ्या मामानं लावली. त्ये मामा निस्तरंल. तू त्या पोराचं वाईट चितू नगंस. दुसऱ्याच्या पडण्यावर वाचल्याली गाय मला नगं.”

तिनं शेवटच्या चार धारांचं दूध वासराला ठेवलं, बादलीवर फडकं टाकलं, हात धुतले. चंद्रीच्या कपाळावरून एकदा हात फिरवला. आणि सरळ घरात गेली, परात उचलली आणि चौकटीत आपल्या जागेवर उभी राहिली. “बसा रं नीट,” ती म्हणाली, “आले म्या जाग्यावर.” खोलीतल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. मामानं मान वर करून तिच्याकडं बघितलं. मामी त्याच्याकडं बघून शांतपणानं म्हणाली, “खेळू द्या पोराला.” मामाच्या तोंडचं पाणी पळालं. हिला कळलंय, हे त्याला कळलं. मामीनं पीठ मळायला घेतलं, आणि ते इतकं मनापासून मळत होती की जणू धावा तिलाच करायच्या होत्या.

जिंकलो. शेवटच्या षटकात, त्यानंच मारलेल्या चौकारावर. शंभरी पुरी करून नाबाद. खोलीत काय दंगा झाला म्हणून सांगू! शेंगांचं पातेलं लवंडलं, कुणीतरी पत्र्यावर काठी बडवायला लागलं, तात्या खुर्चीवर उभे. मी पोत्यावर तशीच बसलेली. मामी माणसांतून वाट काढत आली, पिठाच्या हातानं माझं मनगट धरलं आणि मला ओढून उभं केलं. “ऊठ की! जिंकलो न्हवं का आपण?” मग मी नाचले. रडत रडत नाचले. मामीनंही माझ्याबरोबर दोन उड्या मारून घेतल्या. मामा पेटीवर बसून होता आणि एवढ्या गोंगाटात त्याच्याकडं कुणाचं लक्षच नव्हतं.

सोमवारी सकाळी मामीनं चंद्रीला धुतलं, शिंगांना तेल लावलं आणि स्वतः धरून तात्यांच्या दारात नेलं. मागं मामा, त्याच्या मागं वासरू घेऊन मी. तात्या दात घासत होते. ते बघून बिचारे ओशाळले. “वहिनी, काय ह्ये! चेष्टेची पैज ती. न्या बरं गाय माघारी.”

मामी म्हणाली, “तात्या, टाळी दिल्याली हाय. गाय माघारी नेली तर ह्यो माणूस उद्या मला लावंल.”

तिनं चंद्रीच्या गळ्यातलं आपलं दावं सोडून घेतलं. आमच्याकडं जनावर दिलं तरी दावं देत नाहीत. तात्यांच्या दाव्यानं तिला बांधलं आणि मामी वळली. घरी आल्यावर रिकाम्या गोठ्यात जाऊन बसली आणि मामा दारात उभा राहून, मोठा माणूस, हमसून हमसून रडला. मी मध्ये उभी. कुणाला समजावू तेच कळेना.

पुढं मजाच झाली. चंद्री तात्यांच्या बायकोला, कमलकाकूंना, धारच काढू देईना. पान्हा चोरायची, लाथ झाडायची. पंधरा दिवस रोज सकाळ-संध्याकाळ मामी तिथं जाऊन काकूंना शिकवत होती, कास कशी धरायची, तिच्याशी काय बोलायचं. आणि मामा रोज किटली घेऊन त्याच चंद्रीचं दूध विकत आणायला जायचा. मामीनं तसं बजावलं होतं, दूध तिथूनच आणायचं आणि तुमीच आणायचं. मामाची पैज त्यानंतर सुटली. बैलाच्या शेपटीवरसुद्धा लावेना. माझ्या फीसाठी मी वसाहतीतल्या पोरांची गणिताची शिकवणी सुरू केली. पाच पोरं आली, मग अकरा आली, आणि त्यातूनच मी पुढं बारामतीच्या एका शाळेत गणिताची बाई झाले. दोन वर्षांनी मामीनं भिशीतून दुसरी गाय घेतली. ती चांगली होती, पण मामी तिच्याशी तितकं बोलायची नाही. मी मॅच बघत राहिले, ऐकत राहिले, पण वही बांधून ठेवली. पुढं कुणी “रविवारी कोण?” म्हणून विचारलं की मी म्हणायची, “खेळतील त्यांना विचारा.”

काही वर्षं गेली. माझं लग्न होऊन बारामतीला बस्तान बसलं होतं. तेव्हा पेपरात त्या बातम्या यायला लागल्या. मॅच आधीच ठरतात, फोनवर सौदे होतात, कोण किती घेऊन आउट होतो. रोज नवी चौकशी, रोज नवं नाव, रोज कुणीतरी कानावर हात ठेवतंय. भवानीनगरच्या वसाहतीत तर जुन्या पैजांचे खटले पुन्हा उभे राहिले म्हणे. कुणी नारळ परत मागितला, कुणी जिलेबी. मी आठ दिवस पेपर उलटा करून ठेवत होते. एका सुट्टीच्या दिवशी सकाळच्या एसटीनं मामा-मामी दारात हजर. मामाच्या बगलेत पेपरांची गुंडाळी. पाणीसुद्धा न घेता तो म्हणाला, “नंदे, ती तुझी वही काढ.”

मामी खाली बसून माझी मेथी निवडायला लागली होती. ती म्हणाली, “मॅच त्यांनी इकली आसंल, गाय तुमीच लावली हुती.”

“तू गप. काढ गं वही.”

“तात्यांकडं गाय मागायला जाणार का काय आता?” मी हसत विचारलं. चंद्री तेव्हा थकून तात्यांच्या गोठ्यातच बसलेली असायची.

“गाईचं न्हवं गं,” मामा म्हणाला. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. “त्या दिसापासनं तू वही उघडली न्हाईस. मला ठावं हाय. ती मॅच इकल्याली आसंल, तर तुझं चुकलं न्हवतं. तेवढंच मला बघायचं हाय.”

इतकी वर्षं मला वाटत होतं, गाय घालवल्याचं ओझं मी एकटीच वागवतेय. मी माळ्यावरून वही काढली. ते पान सापडलं. त्याचा प्रत्येक चौकार मी लिहिला होता, शिव्या देत देत, पण लिहिला होता. गोठ्यात गेले तिथून पुढं कोरं. एका ठिकाणी ‘त्यांनी सोपा झेल सोडला’ असंही होतं. संशय घ्यायचाच म्हटलं तर तेवढं पुरलं असतं. मामा माझ्या तोंडाकडं बघत होता. आणि मला तो दमलेला, उन्हानं तापलेला चेहरा दिसत होता, आणि परात घेऊन चौकटीत परत आलेली मामी.

वही मिटली. “न्हाय मामा,” मी म्हटलं, “ती मॅच खरी होती. माझंच चुकलं.”

मला काय ठाऊक होतं? काहीच नाही. आजही नाही.

मामानं पेपरांची गुंडाळी माझ्या रद्दीवर नेऊन ठेवली आणि मोकळा श्वास सोडला.

“मग बरं झालं,” तो म्हणाला. “गाय खऱ्या मॅचला गेली.”